चित्र नसलेलं लग्न

माझा कुडाळला लग्नाच्या शूटिंगचा छोटा स्टुडिओ आहे. फोर-के कॅमेरा घेतला तेव्हा मला वाटलं होतं, आता नवरीच्या वेणीतली अबोली मोजून घ्यावी इतकं स्पष्ट दिसणार. दिसली खरी. पण फाइल इतकी जडशीळ व्हायची, की ती कुणाला पाठवायची म्हटलं तर एसटीनं पेन ड्राइव्ह पाठवणं जास्त लवकर होई.

त्यात शाळेत मला गणित शिकवलेल्या टीचरांच्या मुलीचं लग्न आलं. टीचर ख्रिस्ती, मालवणच्या अलीकडच्या गावातल्या. त्यांचा थोरला मुलगा मालवाहू जहाजावर नोकरीला. त्याला सुट्टी मिळाली नाही. टीचर मला म्हणाल्या, "बाय, त्येका जहाजार बघूक मिळात असा कायतरी कर. थयसर नेट अगदी थेंबाथेंबान मिळता."

मी पेटलेच. एव्ही-वन नावाचा नवा फॉरमॅट आला होता, त्याच्याबद्दल वाचत होतेच. व्हिडिओ लहान करण्याची युक्ती साधी असते. चर्चची भिंत हलत नाही, मग प्रत्येक चित्रात ती पुन्हा कशाला साठवायची? "मघाचीच भिंत" एवढी नोंद पुरते. नवा फॉरमॅट यात जास्त हुशार, हललेली वस्तूही कुठून कुठे गेली ते ओळखतो. फक्त वाऱ्यावरची झावळं आणि पाण्यावरच्या लाटा म्हटलं की त्याला घाम फुटतो. आणि मी नवरा-नवरीला नेलं होतं वालावलच्या तळ्याकाठी! माझा संगणक तापून तापून भाकरी भाजण्याजोगा झाला. पण फाइल चांगलीच आटली आणि जहाजावर पोचलीसुद्धा. तीच मी पेन ड्राइव्हवर घालून टीचरांकडे नेली.

रविवार होता. मुलगी-जावई माहेरी आलेले, शेजारीपाजारी जमलेले. मोठा टीव्ही मुलानंच काही वर्षांपूर्वी पाठवलेला. मी पेन ड्राइव्ह लावला. चर्चची घंटा खणखणीत वाजली. पडदा मात्र काळा.

"चित्र खंय गेला गो?" टीचर म्हणाल्या.

माझ्या लगेच लक्षात आलं. आवाज त्या टीव्हीला कळत होता, चित्राचा नवा फॉरमॅट कळत नव्हता. तो निघण्याआधीच टीव्ही बनला होता. मी चाचरत सांगू लागले, तोवर मागून टीचरांची धाकटी जाऊ म्हणाली, "आवाज येता मां? मगे चालू दे. रेडियो समजान ऐकूया."

सगळे डोळे मिटून लग्न ऐकू लागले. "हो फादरांचो खोकलो," "ही माझी हसण्याची पद्धत न्हय," असं ओळखाओळखीचं काम सुरू झालं. केक कापल्याच्या टाळ्या वाजल्या. त्या विरल्या आणि कॅमेऱ्याच्या माइकजवळून एक बाई स्पष्ट बोलली, "केक कसलो, चिरो तो! घराच्या पायाक घातलो तर शंभर वर्सा हलाचो नाय."

केक टीचरांनी स्वतः भाजला होता. आणि आवाज धाकट्या जावेचा होता.

सगळ्यांचे मिटलेले डोळे एकदम उघडले आणि जावेकडे वळले. "तो माझो आवाजच न्हय," जाऊ म्हणाली, अगदी त्याच आवाजात.

टीचर उठल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, झालं, माझ्या फॉरमॅटनं दोन घरं फोडली. त्या बाहेर आल्या त्या एका हातात उरलेल्या केकचा तुकडा आणि दुसऱ्या हातात नारळ सोलायचा कोयता घेऊन. दोन्ही जावेपुढे ठेवून म्हणाल्या, "घे. काप आता."

जावेनं कोयत्याकडे बघितलं, केककडे बघितलं आणि तिला हसू आवरेना. मग टीचरही हसल्या, इतक्या की त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

मी घरी जाऊन जुन्या, त्या टीव्हीला समजेल अशा फॉरमॅटमध्ये फाइल पुन्हा तयार केली. ती बरीच फुगली, पण जहाजावर थोडीच पाठवायची होती? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा सगळे जमले. आता चित्र लख्ख. अबोलीसुद्धा दिसली. केकचा प्रसंग आला, तसे सगळे पुढे सरसावले. पडद्याच्या कोपऱ्यात, कॅमेऱ्याला अगदी लागून जाऊ उभी होती, "चिरो तो" म्हणत होती आणि म्हणता म्हणता केकचे दोन जाड तुकडे कागदात गुंडाळून पर्समध्ये घालत होती. कागदावरची फुलं ओळखता यावीत इतकं स्पष्ट.

"मगे ह्या काय गो?" टीचरांनी विचारलं.

"चिरो झालो तरी घरचो मां?" जाऊ म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळूच, "बाय, पर्सचा तेवढा काढून टाक गो."

"कायएक काढूचा नाय," टीचर वर्गातल्या आवाजात म्हणाल्या. त्या आवाजापुढे मी शाळेतही कधी बोलले नव्हते. मी काहीच काढलं नाही.

आठवड्यानं जहाजावरून मुलाचा फोन आला. लग्न त्यानं तीनदा बघितलं होतं. बहिणीचं कौतुक झालं, जावयाचं झालं, आणि मग तो म्हणाला, "काकीक सांगा, एक तुकडो माझ्यासाठी ऱ्हवांदे." टीचरांनी फोन सरळ जावेच्या हातात दिला.