शमूनं आवाज कधी तोडला नाही

बातमी आली तेव्हा मी भांडत होतो. बुलढाण्यात आमच्या गल्लीत लग्न होतं, आणि मांडवातल्या पोरांनी सकाळपासून एकच उद्योग चालवला होता. एक गाणं लावायचं, अर्ध्यावर खाडकन तोडायचं आणि दुसरं लावायचं. मी लेंग्यावरच खाली गेलो आणि त्यांना म्हणालो, वाजवायचं तेवढं वाजवा, पण हे तोडणं बंद करा, माणसाच्या छातीत धस्स होतं. पोरं माझ्याकडं बघून हसत होती. तेवढ्यात शेजारच्या दुकानातून हाक आली, देऊळगाव राजाहून फोन आहे. फोनवर शमूचा पुतण्या होता. “काका, मोठे बाबा गेले,” एवढंच तो बोलला... मी रिसीव्हर कानाशी धरून उभा, आणि बाहेर ते गाणं पुन्हा अर्ध्यावर तुटलं. खरं सांगतो, आधी मला शमूचा रागच आला. साठीसुद्धा गाठली नव्हती त्यानं.

शमू म्हणजे शमुवेल. महाराष्ट्र नवा नवा झाला होता, त्या दिवसांतली आमची दोस्ती. देऊळगावात आमचा भाजीचा मळा, पण मला वांगी-मेथीत काडीचा रस नव्हता. मामानं टाकून दिलेलं लाऊडस्पीकरचं मशीन, दोन भोंगे, एक माईक आणि मोटारीची बॅटरी एवढ्यावर मी दुकान थाटलं होतं. शमू आमच्या मागच्या गल्लीतला, याकोब मास्तरांचा मुलगा. मॅट्रिक होऊन नोकरीची वाट बघत होता. रविवारी सकाळी त्यांच्या प्रार्थनामंदिरात पेटी वाजवायचा आणि दुपारी माझ्या दुकानात येऊन बसायचा. मी त्याला कामावर ठेवलं नव्हतं, तोच राहिला. लोणारच्या जत्रेत भजन असो, कुठल्या उरसात कव्वाली असो, एसटीच्या टपावर भोंगे बांधून आम्ही जायचो, आणि हा पठ्ठ्या मशीनला टेकून डोळे मिटून बसायचा. गिऱ्हाईक आलं की मी विचारायचो किती देणार, आणि हा विचारायचा कोण गाणार. पुढाऱ्याची सभा असली की ह्याचं तोंड वाकडं. म्हणायचा, “भाषणाले मी काऊन येऊ बे? त्यात सूरच नसते.”

जालन्याला एक गायिका होत्या. आम्ही त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायचो. अधूनमधून दुपारी त्यांचं गाणं रेडिओवर लागायचं आणि त्या हमखास सारंग गायच्या. चौकातल्या हॉटेलात रेडिओ होता. शमू चहा न घेता तिथं खांबाला धरून उभा राहायचा आणि मालक करवादायचा. बाईंचा सारंग जरा कुठं रंगायला लागला की कार्यक्रमाची वेळ संपायची, निवेदक मध्येच यायचा, आणि लगेच बाजारभाव. ह्याचा चेहरा बघवत नसे. “असं तोडतेत का रे कोणी?” तो मला विचारायचा, जसं काही ते मीच तोडलं. बाईंचा सारंग त्यानं शेवटपर्यंत कधी ऐकलाच नव्हता, आणि तो कसा संपत असेल ह्याचाच त्याला ध्यास लागलेला.

आणि एका साली हनुमान जयंतीला मारुतीच्या पारावर बाईंचं गाणं ठरलं. ठरवलं तालमीच्या वस्तादांनी, मशीन आमचं. शमूचे पाय जमिनीवर नव्हते. मग याकोब मास्तरांनी त्याला भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. चैत्राची पौर्णिमा शुक्रवारी येत होती, आणि तोच शुक्रवार गुड फ्रायडेचा होता. आमचाही सण चंद्रावर, त्यांचाही चंद्रावर, कधी ना कधी गाठ पडायचीच. त्या दिवशी ख्रिस्ती घरात गाणं नाही की बाजा नाही. दुपारी बारा ते तीन सगळी मंडळी प्रार्थनामंदिरात बसते, येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार वाचले जातात, आणि मधल्या वेळात नुसती शांतता. प्रार्थनामंदिर म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली, मारुतीच्या पारापासून हाकेच्या अंतरावर. भोंगे फिरवावेत म्हटलं तर गावही त्याच अंगाला.

त्यात नोकरीची भानगड. चिखलीकडं एका मिशनच्या शाळेत मास्तरची जागा निघाली होती. पाळकसाहेब त्या शुक्रवारी स्वतः उपासनेला येणार होते, आणि शमूचं काय ते तिथंच ठरणार होतं. मंडळीतल्या एकदोघांनी आधीच त्यांच्या कानावर घातलं होतं, की याकोब मास्तरांचा पोरगा बाजारात सिनेमाची गाणी वाजवत असतो. मास्तर फार सौम्य माणूस. पोराला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं. ते दुकानात आले, बसा म्हटलं तर बसले नाहीत. म्हणाले, “सकाळी वाजवा, माझी हरकत नाही. बारा ते तीन तेवढे मला द्या.” शमूनं शब्द दिला. मलाही वाटलं, त्यात काय एवढं. सूर्योदयाला जन्म, मग बाईंचं गाणं, ऊन तापायच्या आत सगळं आटोपतं.

आटोपतं कुठलं! जालन्याची गाडी वाटेत बंद पडली. बाई पारावर पोचल्या तेव्हा अकरा वाजून गेले होते. ऊन मी म्हणत होतं, मांडवाखाली माणूस मावत नव्हता, आणि वस्ताद पुढ्यात मांडी घालून बसलेले. मी हळूच त्यांच्याजवळ गेलो आणि विचारलं, की बारा वाजता मशीन थोडा वेळ थांबवलं तर चालेल का. वस्तादांनी मान न वळवता सांगितलं, “बाई गात असताना मशीन बंद पडलं तर आधी मशीन फोडीन, मंग तुह्याकडं पाहीन.” ते थट्टा करत नव्हते. मी परत येऊन शमूला म्हटलं, तू जा बाबा, मी इथलं सांभाळतो. तो बसल्या जागेवरूनच म्हणाला, “मी जाईन रे. पण भोंगा त आपलाच वाजंल ना बाबाच्या डोक्यावर.”

बाईंनी आधी एक अभंग म्हटला. मग तंबोरा पुन्हा जुळवला, आणि सारंग सुरू झाला. बारा वाजत आले होते. रस्त्यानं पांढऱ्या कपड्यातली मंडळी एकेक करून प्रार्थनामंदिराकडं निघाली होती. पाळकसाहेब छत्री घेऊन गेले. मागून मास्तर गेले, काखेत बायबल, त्यांचं शास्त्र, नजर खाली. त्यांनी आमच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं... शमूनं मात्र त्यांना पाहिलं. तो घामानं भिजला होता आणि त्याचा हात मशीनच्या बटणावर होता. मला वाटलं, आता हा तोडणार आणि वस्ताद उठणार. मी दोघांच्या मध्ये जाऊन उभा राहिलो. त्याला वाचवायला की स्वतःला पळायला बरं पडावं म्हणून, देव जाणे.

पण त्यानं तोडलं नाही. तो बटण फिरवत होता, इतकं सावकाश की हात हललेला मला दिसत नव्हता. बाईंनी तान घेतली की थोडं. लोकांनी वाहवा केली की थोडं. मागं गप्पा मारणारी माणसं गप्प झाली. बायका पुढं सरकल्या. एकीनं रडणारं लेकरू पदराखाली घेतलं. आणि बाईंनीही आवाज आत ओढून घेतला. त्यांच्या ते लक्षात आलं असावं असं मला आज वाटतं, तेव्हा काहीच सुचत नव्हतं. होता होता भोंगे पार मुके झाले, बाई नुसत्या गळ्यानं गात होत्या, आणि सगळा पार एका जागी गोळा होऊन ऐकत होता. वस्तादांचे डोळे मिटलेले. शमूनं बटण शून्यावर आणलं, पण मशीन बंद होताना वाजतं ते शेवटचं टक् त्यानं होऊ दिलं नाही. मशीनचा लाल दिवा तसाच जळत ठेवला. मग चपला हातात घेतल्या आणि वाकून, कनातीच्या कडेनं, निघून गेला. सारंग नुकता कुठं भरात आला होता. पलीकडून मास्तरांचा बारीक आवाज यायला लागला, ते वाचत होते. मी तिथं उभा राहून दोन्ही ऐकलं.

गाणं संपल्यावर बाईंनी पाणी मागितलं आणि विचारलं, “मशीनवरचा पोरगा कुठं गेला? माझा आवाज त्यानं फार अलगद खाली ठेवला हो.” तेव्हा कुठं वस्तादांनी मान वर करून भोंग्यांकडं पाहिलं. त्यांनी भोंगे पाहिले, मला पाहिलं, आणि म्हणाले, प्रसाद घेतल्याशिवाय जाऊ नको.

तिकडचं मला शमूनं संध्याकाळी सांगितलं. उपासना संपली, पाळकसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, जूनपासून शाळेत ये. याकोब मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि शमू काही बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर असला माणूस नव्हे, गरीब गाय, पण त्या दिवशी त्याला काय झालं कोण जाणे. म्हणाला, “साहेब, मी तीन तास इथं बसलो, पण कान तिकडंच होते. शाळेतबी तसंच होईल. पोरायचं नुकसान होईल.” मास्तरांनी शास्त्र मिटलं आणि ते एकटेच घरी गेले. मी शमूला काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. चालत आलेली नोकरी, तीही बापाच्या देखत, लाथाडली होती त्यानं. तो सगळं ऐकून घेत होता. माझा दम संपल्यावर त्यानं विचारलं, “सारंग कसा संपला बे?”

मी म्हटलं, चांगला संपला.

“चांगला म्हंजे कसा?”

आता काय सांगू! आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणाला सूर कळलेला नाही. टाळ्या पडल्या, मी म्हटलं. त्यानं कपाळावर हात मारला.

मास्तर त्याच्याशी पुढं कित्येक महिने कामापुरतंच बोलले. एका घरात दोन माणसं, आणि भाकर वाढली का एवढाच संवाद. शमू सुकत चालला होता. मला वाटायला लागलं, हा आता धंदाही सोडणार. मग नाताळ आला. मुलांच्या गीतांसाठी माईक लावायला मास्तरांनी कसाबसा होकार दिला. आपल्या वाचनाला माईक नको, असं बजावलंही. पण त्या साली त्यांचा घसा गेलेला, मागं बसलेल्यांना शब्द ऐकू येईना, माणसं चुळबुळ करायला लागली. मी दाराशी होतो. माईक तिथंच उभा होता, आणि शमूचा हात मशीनवर. त्यानं बटण तसंच फिरवलं, फक्त ह्या खेपेला वरच्या बाजूला. मास्तर वाचत गेले, आणि वाचता वाचता त्यांची मान ताठ झाली. शेवटची ओळ मागच्या भिंतीपर्यंत खणखणीत पोचली. बाहेर आल्यावर ते स्वतःहून शमूला म्हणाले, “आज आवाज बरा लागला माझा.” हा म्हणाला, “हाव बाबा, लय बरा लागला.” त्यानं त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. घरी जाताना मात्र दोघं बरोबर गेले.

मी पुढं पंचायत समितीत कारकून झालो आणि बुलढाण्याला आलो. दुकान शमूनं चालवलं. त्याचं लग्न झालं. मार्थावहिनी दवाखान्यात नर्स, त्यामुळं घर चाललं, असं तो स्वतःच हसत सांगायचा. तालुक्यातल्या लग्नांत शमूचं मशीन ओळखू यायचं. नवरी निघाली की गाणं आपोआप विरत जायचं आणि आईचं रडणं ऐकू यायचं. बाई पुन्हा देऊळगावला आल्या नाहीत. काही वर्षांनी त्या गेल्याच. दरवेळी मी भेटलो की ह्याचा पहिला प्रश्न तोच. यंदा होळीच्या सुमारास शेवटचा भेटलो तेव्हा दम्यानं त्याला उशीला टेकवून बसवलेलं होतं. म्हणाला, “आता त सांग बे.” काय झालं मला, मी खरंच गुणगुणायचा प्रयत्न केला. माझा तो आवाज ऐकून तो इतका हसला की खोकल्याची उबळ आली आणि वहिनी धावत आल्या. पाठीवरून हात फिरवून घेत तो म्हणाला, “राहू दे, वासू. तुह्याच्यानं नाही होत.”

परवा वहिनींना भेटून आलो. पलंग होता तिथंच आहे, उशाच्या फळीवर त्याचा जुना रेडिओ. त्या सांगत होत्या, रोज दुपारी तो रेडिओ लावायला सांगायचा आणि ऐकता ऐकता डोळा लागायचा. मग त्यांनी आवाज हळूहळू कमी करायचा, कसा तेही त्यानंच शिकवलेलं. बंद झाला ते मले समजलं नाही पाह्यजे, म्हणायचा. त्या दिवशीही त्या तसंच करत होत्या, एक नजर बटणावर, एक त्याच्यावर. बटण शून्यावर आलं आणि त्यांनी पाहिलं, तर... “आधी काय थांबलं ते मले नाही सांगता येत, भाऊजी,” त्या म्हणाल्या. काहीतरी करायचं म्हणून मी रेडिओकडं पाहिलं. तो गप्प होता, पण आकड्यांच्या पट्टीमागचा बारका दिवा जळत होता. इतक्या दिवसांत तो बंदच झाला नव्हता. मी चटकन हात पुढं केला, वहिनी, वीज फुकट जाते, म्हणालो.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “टक् वाजंल.”

मी हात मागं घेतला.