आज्ञाधारक चाकर

पडदा वर जातो. सवाई माधवरावांच्या काळातलं पुणं, कसब्यातला कागदीपुरा. मधोमध लगद्याने भरलेला हौद. काठावर रिकाम्या हातांनी बसलेला हमीद कागदी.

मी नट, जन्मभर रंगभूमीवर राजेमहाराजे रंगवले. रंगवायचा राहिला तो हा माणूस.

लगद्यातून कागद उचलायची त्याची चटई बापाने केलेली होती. गवताच्या काड्या घोड्याच्या केसांनी बांधून. तशी दुसरी नव्हती. संगमाजवळ तंबू ठोकलेल्या एका फिरस्त्या इंग्रजाने ती ‘दोन दिवस पाहायला’ म्हणून नेली. वीस दिवस झाले. लगदा आंबला, वास मारू लागला.

आज साहेबाचे दुभाषी दिगंबरपंत चिठ्ठी घेऊन आले. ‘चटई लवकरच पाठवतो,’ त्यांनी वाचलं. “आणि खाली, ओबिडियंट सर्व्हंट. म्हणजे आपला आज्ञाधारक चाकर.”

“कोण? साहेब? माझा?”

“लिहिलंय तर तसंच.”

हमीद उठला. “चला पंत. चाकराला आज्ञा करून येऊ.”

साहेब तंबूबाहेर खुर्चीत बसला होता. हमीदने चिठ्ठी त्याच्या नाकासमोर धरली. “चाकरा, चटई आण!”

पंतांनी यातलं निम्मंच सांगितलं असणार, कारण साहेब हसला आणि काहीतरी बोलला.

“चटई विलायतेला गेली,” पंत खाली बघत म्हणाले. “नमुना म्हणून. परवाच रवाना झाली.”

“आणि चिठ्ठी आजची!” हमीदचा आवाज चढला. “मग चाकर कशाला लिहिलं?”

“अहो मियाँ, त्यांच्यात तो शब्द पत्राखाली लिहायचाच असतो. तोफ डागण्याआधी शत्रूलासुद्धा लिहितात. त्याला अर्थ नसतो.”

“माझा हौद सडला, त्याला आहे ना अर्थ? आणि लिहिलंय कशावर, ते बघा!”

पंतांनी चिठ्ठी उन्हात धरली. कागदात काड्यांच्या बारीक रेघा उमटल्या होत्या. त्याच चटईच्या.

हमीदने ती हिसकावली, तरातरा नदीत उतरला आणि पाण्यात बुडवून तळव्याने चोळली. शाई ओघळून गेली.

“अहो, साहेबांचं पत्र ते!” पंत काठावरून ओरडले.

ओला कागद दोन्ही हातांवर पसरून हमीद वर आला.

“शाई साहेबाची, ती गेली पाण्यात. कागद माझा, तो घरी नेतोय.”