मराठी उपासनेचं शेवटचं वर्ष

आधीच सांगून ठेवतो, यातला कुठला किस्सा नेमका कसा घडला, याबाबत माझ्या स्मरणशक्तीवर मी स्वतःही पूर्ण विसंबत नाही. माझी बायको सुनंदा म्हणते, "निम्मं तुम्ही नंतर रचलंय." असेलही. पण पाळकाच्या आयुष्याचा हा एक विचित्र नियम आहे. जन्मभर केलेले उपदेश विरून जातात, आणि उपासना सुटल्यावर चर्चच्या फाटकाशी, हातात चहाचा कप घेऊन लोक जे बोलतात, ते मात्र साचत जातं. मुलुंडच्या आमच्या चर्चमधल्या एका वर्षाचं असंच साचलेलं सांगतो.

आमच्याकडे रविवारी दोन उपासना होत. सकाळी लवकर मराठी, मग इंग्रजी. इंग्रजीला तरुण मंडळी, गिटार, ड्रम. मराठीला पेटी, तबला आणि पांढरे केस. कमिटीत शब्द चालायचा तो अमोलिकांचा. बँकेतून रिटायर झालेले, अत्यंत सरळ गृहस्थ. त्यांनी ठराव मांडला, की ईस्टरपर्यंत वाट बघू, माणसं वाढली नाहीत तर मराठी उपासना बंद करून सगळ्यांना इंग्रजीत सामावून घेऊ. ठराव पास झाला. जर्मनीत जाऊन हिब्रूत डॉक्टरेट करून आलेला मी अध्यक्षाच्या खुर्चीत बसलो होतो, आणि मला मराठीत 'नको' एवढं म्हणायचं सुचलं नाही.

*

मला वाटलं, दोष माझ्या उपदेशाचा असणार. म्हणून मी आणखी अभ्यास करून बोलू लागलो. मूळ हिब्रू शब्द, त्याचं ग्रीक भाषांतर, त्यावर विद्वानांचे वाद. एका रविवारी फाटकाशी मनोरमामावशींनी मला गाठलं. ऐंशी ओलांडलेल्या, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, आमच्या गायनमंडळाच्या सर्वेसर्वा.

"सलाम, पाळकसाहेब. आज देव फार लांब गेला हो. मी म्हातारी कुठवर चालत जाऊ?"

पुढच्या रविवारी मी साधं बोललो आणि लवकर संपवलं. मावशी म्हणाल्या, "आज बरं होतं. पण तुम्ही घाबरला होतात."

तेही खरं होतं.

*

आमच्या लोकांची एक जुनी सवय आहे. चर्चमध्ये शिरलं की मागचा बाक धरायचा. काही नम्रतेनं मागे बसतात, काही रविवारच्या मासळीबाजाराला लवकर पळता यावं म्हणून. परिणाम एकच. अमोलिक पहिल्या बाकावर बसत आणि मागे वळून पाहत, तेव्हा त्यांना मध्ये नुसती लाकडं दिसत.

मावशींनी एका रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन मागच्या सगळ्या बाकांवर छत्र्या, पर्सा, गीतांची पुस्तकं मांडून ठेवली. जो येईल त्याला सांगायच्या, जागा धरलीय, पुढे बस. बिचारे सगळे पुढे गेले. पहिल्यांदाच चर्च भरल्यासारखं दिसलं.

अमोलिकांनी विचारलं, "ही जागा कोणासाठी धरलीय?"

"येणाऱ्यांसाठी."

"कोण येणार आहे?"

"तेच तर बघायचंय ना!"

*

मग सुगीचा सण आला. शेतात पिकलेलं पहिलं धान्य, फळं वेदीपुढे आणून ठेवायची, ही आमची प्रथा. मुलुंडच्या फ्लॅटमध्ये काय पिकणार? कोणी गॅलरीतल्या कुंडीतला कढीपत्ता आणला, कोणी मॉलचं स्टिकर न काढलेली सफरचंदं. एका कुटुंबानं मात्र गावाहून आणलेला जिवंत कोंबडा पाय बांधून वेदीपाशी ठेवला. माझा उपदेश त्यानं शांतपणे ऐकून घेतला. बहुधा झोपला असावा.

शेवटी अमोलिक सूचना वाचायला उठले. ईस्टरनंतरच्या बदलाची लोकांना आठवण करून दिली, आणि मग मनापासून म्हणाले, "माझा मराठी उपासनेला व्यक्तिशः काहीच विरोध नाही."

कोंबडा आरवला.

येशूला आपण ओळखतच नाही, असं त्याच्याच शिष्यानं, पेत्रानं सांगितलं आणि कोंबडा आरवला, ही गोष्ट आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असते. सगळं चर्च गदागदा हसलं. अमोलिकही हसले, पण त्यांनी उरलेल्या सूचना बसूनच वाचल्या.

*

नाताळात आमची मंडळी सोसायट्यांमधून गाणी म्हणत फिरतात. एका सोसायटीत तरुणांची इंग्रजी कॅरल्स झाली, लोकांनी खिडक्यांतून हात हलवले. मग मावशींनी तबलजीकडे पाहिलं आणि एक जुनं मराठी गीत भजनाच्या ठेक्यात उचललं. दारं उघडायला लागली. सोसायटीचे सेक्रेटरी सावंत, मालवणकडचे, बनियनवरच खाली उतरले आणि शेवटपर्यंत टाळी धरून उभे राहिले.

"ह्यां तर आमच्या भजनासारख्यां वाटता," ते मला म्हणाले. "तुम्ही लोक इंग्लिशमध्येच गातास, असां माका वाटलेलां."

त्या रात्री तिथून निघायला आम्हाला चार गाणी आणि तीन घरचे लाडू लागले.

*

ईस्टरच्या तोंडावर चर्चच्या आवारात ड्रेनेजसाठी खणून ठेवलं गेलं. इंग्रजीवाल्यांनी नऊ वाजताचा एक हॉल ठरवला. अमोलिक म्हणाले, सगळेच तिथे येऊ, नाहीतरी मराठीची ही शेवटचीच. मावशींनी मान हलवली. "प्रभूची कबर पहाटे रिकामी सापडली. नऊ वाजता नाही."

मी सावंतांकडे गेलो आणि चाचरत त्यांच्या सोसायटीची गच्ची मागितली. दोन-तीन सभासद कुरकुरले. सावंतांनी त्यांना एवढंच विचारलं, सत्यनारायणाक गच्ची चालता, मग ह्यांका कित्याक नाय? अट एकच होती, माइक लावायचा नाही. त्या दिवसांत टीव्हीवर रोज रात्री कोणाचा भोंगा मोठा यावर भांडणं चालायची. आपल्या देशाचं कसं होणार, या काळजीनं मला झोप लागत नसे. आणि सकाळी दार वाजवून सावंत विचारत होते, खुर्च्या किती मांडू? देशाची काळजी मी अजूनही करतो, पण तेव्हापासून ती करताना मला त्या खुर्च्याही आठवतात.

*

ईस्टरला अंधार असतानाच आम्ही गच्चीवर जमलो. मावशींनी फोन करकरून नाहूर, चेंबूरपर्यंतचे नातेवाईक बोलावले होते. लिफ्ट लहान, एका वेळी चारच माणसं आणायची. त्यामुळे दार उघडतंय आणि माणसं निघताहेत, हे संपतच नव्हतं. गच्ची भरली. अमोलिक पाण्याच्या टाकीला टेकून उभे होते. तिथे मागचा बाक नव्हता.

पहाटेच्या उपासनेत पाळक तीनदा पुकारतो, "प्रभू उठला आहे!" आणि लोक उत्तर देतात, "खरोखर उठला आहे!" माइक नाही, माझा आवाज मुळात बारीक. पहिल्यांदा पुकारलं, उत्तर आलं ते बिचकत. दुसऱ्यांदा जरा मोकळं आलं. तिसऱ्यांदा मी जीव खाऊन ओरडलो.

उत्तर दोन बाजूंनी आलं. एक आमच्या गच्चीवरून, आणि दुसरं तितकंच दणदणीत, गल्लीपलीकडच्या इमारतीच्या गच्चीवरून. तिकडे अंधुक उजेडात माणसांच्या आकृत्या दिसत होत्या. चेहरे ओळखू येत नव्हते.

मग मावशींनी गाणं उचललं.

अमोलिक माझ्या कानाशी आले. "आपले लोक समोर कसे काय गेले?"

"ठाऊक नाही."

"इथे जागा पुरली नसणार," ते स्वतःशीच म्हणाले.

पुढच्या मीटिंगमध्ये तेच उभे राहिले. "एक गच्ची पुरत नाही इतकी माणसं असताना आपण उपासना बंद कशी करतो?" ठराव मागे घेतला गेला, तोही एकमतानं. मराठी उपासना आजही चालू आहे. तबल्यावर आता अमोलिकांची नात असते.

मला मात्र शंका कुरतडत राहिली. समोर कोण गेलं होतं, हे मी मंडळीतल्या एकेकाला विचारलं. कित्येक वर्षांनी, रिटायर झाल्यावर, सावंतांकडे चहाला गेलो असताना मी विषय काढला. त्यांनी समोरच्या इमारतीच्या जुन्या सेक्रेटरींनाच बोलावून घेतलं. दोघांनी मजल्यामागून मजला घेत घरं आठवली, एकमेकांच्या चुका सुधारल्या. त्या ईस्टरला समोरच्या इमारतीत एकही ख्रिस्ती कुटुंब राहत नव्हतं, आणि आमच्यातलं कोणीही तिकडे गेलेलं नव्हतं.