अखर्चित निधी

"चार महिन्यांत काहीच घेतलं नाही? मग पैशांचं केलं काय त्यांनी?" करंदीकर सरांनी विचारलं.

"ठेवलेत सर. पोस्टात. सगळेच्या सगळे."

सरांनी पेन खाली ठेवलं. आमच्या ऑफिसात सरांनी पेन खाली ठेवलं की शहाणी माणसं फाइल आणायला बाहेर जात. मला जाता येईना, कारण फाइल माझ्याच हातात होती.

सर पुण्यातल्या आमच्या संस्थेचे डायरेक्टर. मी फील्ड ऑफिसर, म्हणजे एसटीनं आणि जीपनं गावोगाव फिरून गरिबांचं भलं झालं की नाही ते फॉर्मात भरणारी बाई. माझ्याकडे शिरूर आणि दौंड हे दोन तालुके होते. तिथल्या दहा कुटुंबांपैकी नऊ जणांचे फॉर्म भरलेले होते. दहावा वडगाव रासाईच्या लक्ष्मीबाईंचा. त्यात नावाखाली सगळं कोरं.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. तोपर्यंत आमची संस्था वस्तू वाटायची. वस्तूचे फायदे बरेच असतात. तिचा फोटो निघतो. तिच्यावर संस्थेचं नाव रंगवता येतं. आम्ही शेळ्या दिल्या, शिलाई मशिनं दिली, बिनधुराच्या चुली दिल्या. ज्या घरात शिवायला कापडच नव्हतं तिथं मशिनवर डाळीचे डबे बसले. एका घरी चुलीत कोंबडी अंडी घालायची. फॉर्मात मात्र सगळ्या वस्तू 'वापरात' असायच्या. कोंबडी का होईना, वापरत होती.

मग परदेशात स्थायिक झालेल्या एका निवृत्त मराठी इंजिनिअरांचं पत्र आलं. दहा शेतकरी कुटुंबांना प्रत्येकी बारा हजार रुपये द्या. रोख द्या, घरातल्या बाईच्या हातात द्या. अट कसलीही घालू नका. खाली त्यांनी लिहिलं होतं, मला शिकायला ज्यांनी मदत केली त्यांनी पैसे दिले होते, शेळी दिली नव्हती.

आमच्याकडे लगेच मीटिंग बसली. गरिबाच्या हातात पैसे दिले की तो दारू पितो यावर चहा पिता पिता सगळ्यांचं एकमत झालं. पैसे बाईच्या हातात जाणार आहेत, असं मी म्हटलं. तर बाई ते नवऱ्याला देईल आणि मग तो दारू पिईल, अशी दुरुस्ती झाली. शेवटी तोडगा निघाला. आधी तीन दिवसांचं ट्रेनिंग घ्यायचं. विषय, पैशाचा सुयोग्य विनियोग. त्यात दोन तज्ज्ञ, जेवण, बॅगा. या ट्रेनिंगचा खर्च वाटायच्या पैशांच्या निम्मा येत होता. म्हणजे पैसे कसे जपून वापरावेत हे आम्ही शिकवणार होतो.

इंजिनिअरांनी ट्रेनिंगला नाही म्हटलं. समारंभालाही नाही म्हटलं. सरांनी मग स्वतःच्या समाधानासाठी एक फॉर्म तयार केला. अट नाही म्हणजे फॉर्म नाही असं पत्रात कुठे लिहिलंय, असा त्यांचा मुद्दा होता आणि तो बिनतोड होता.

जानेवारीत मी पाकीट घेऊन निघाले. तळेगाव ढमढेरेपर्यंत एसटी, पुढं जीप. लक्ष्मीबाईंचं घर गावाबाहेर शेतातच होतं. दोन एकर जमीन, नदीवरून आणलेलं थोडं पाणी, वावरात कांदा. घरात नवरा बिरूभाऊ, धाकटी मुलगी सुनंदा आणि सासरे आबा. आबांनी अर्धं आयुष्य मेंढरांमागं काढलेलं. मेंढरं विकून ते इथं स्थिर झाले होते, पण एका जागी बसायची सवय त्यांना अजून लागली नव्हती.

लक्ष्मीबाईंनी पाकीट लगेच घेतलं नाही. आधी विचारलं, याचं काय करायचं? मी म्हटलं, तुम्हाला वाटेल ते. परत कधी द्यायचे? द्यायचे नाहीत. मग सही कशावर? फक्त पैसे मिळाले म्हणून. त्यांनी आबांकडे पाहिलं. आबा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

"मतं कवा हायती?" त्यांनी विचारलं.

निवडणूक नाही हे त्यांना पटवायला मला दोन कप चहा लागले.

पुढच्या महिन्यापासून मी फॉर्म भरत हिंडले. एकीनं म्हैस घेतली. एकीनं घरावर पत्रे टाकले. दोघींनी पाइप घेतला, एकीनं नवऱ्याचं ऑपरेशन केलं. एका घरात रंगीत टीव्ही आला आणि आमच्या ऑफिसात आनंद झाला. आपण म्हणत होतोच, असं सगळे म्हणाले. बाकीच्या आठ घरांबद्दल कुणी काहीच म्हणालं नाही. दारूचं एकही उदाहरण सापडेना याचं थोडं वाईट वाटलं असावं.

लक्ष्मीबाईंचं उत्तर दर वेळी एकच. काय न्हाई केलं, हायती तसंच.

आता मे महिना उजाडला होता. सरांना उपयोगिता प्रमाणपत्र पाठवायचं होतं. हा आमच्या धंद्यातला फार मोठा कागद. दिलेले पैसे खर्च झाले, असं त्यात लिहायचं असतं. कशानं काय बदललं हे लिहायला त्यात जागा नसते, पण खर्च न झालेला पैसा त्यात अजिबात चालत नाही. सरांनी मला दोन गोष्टी दिल्या. एक कॅमेरा आणि एक शिलाई मशिनचं कोटेशन.

"त्यांना मशिन घ्यायला लावा. मुलीला बसवा, फोटो काढा. शुक्रवारी फाइल माझ्या टेबलावर," ते म्हणाले.

मी गेले. माझाही पगार त्याच टेबलावरून यायचा.

लक्ष्मीबाईंच्या अंगणात जीप उभी होती. ओसरीत बाजेवर दौंडकडचे पाहुणे बसले होते. मुलाचा मामा आणि त्याच्याबरोबर एक म्हातारे गृहस्थ. मामाच्या हातात घड्याळ होतं आणि ते तो दर दोन मिनिटांनी बघत होता. मला कोपऱ्यात पाट मिळाला. पुण्याच्या म्याडम, एवढीच माझी ओळख करून दिली. मामानं मला नमस्कार केला आणि तेवढ्यापुरतं बोलणं थोडं शुद्ध केलं.

सुनंदाला मागणी आली होती. ती नववी पास होऊन नुकतीच मोकळी झाली होती. मुलगा ट्रकवर होता. त्यांना काहीही नको होतं. नारळ आणि मुलगी द्या, लग्नाचा सगळा खर्च आमचा, असं मामा सांगत होता. या महिन्यातली मुहूर्ताची शेवटची तारीखही त्यानं काढून आणली होती. इतक्या उदार माणसाला इतकी घाई का असते, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं.

बिरूभाऊ खाली बघून बोटं मोडत होते. त्यांच्या थोरल्या मुलीचं, मंदाचं लग्न असंच झालं होतं. तेव्हाही मे महिनाच होता. कांदा निघालेला, व्यापारी बांधावर येऊन सांगेल त्या भावात घेऊन गेलेला. पावसाळ्याच्या बी-खताला जेमतेम पुरेल एवढंच हातात. तेव्हा समोरून कुणी सगळा खर्च करतो म्हटलं, आणि हे हो म्हणाले. मंदा तेव्हा पंधरा वर्षांची होती. आता तिला दोन मुलं होती आणि ती दुसऱ्याच्या उसात खुरपायला जायची. हे मला लक्ष्मीबाईंनी मागेच कधीतरी सांगितलं होतं. फॉर्मात रकाना नसल्यामुळे मी ते लिहून घेतलं नव्हतं.

मामानं बिरूभाऊंना विचारलं, मग काय ठरवायचं? बिरूभाऊ आबांकडे बघायला लागले. आबा उंबऱ्याकडे. उंबऱ्यात लक्ष्मीबाई उभ्या होत्या, डोक्यावर पदर, हातात पाण्याचा तांब्या.

"पोरीची धावी हुंद्या," त्या म्हणाल्या.

मामा हसला. एवढा फुकटचा योग पुन्हा येईल का, असं त्यानं बिरूभाऊंना विचारलं. पुढच्या वर्षी खर्च तुम्हाला झेपणार आहे का?

"पुढल्या वर्षाचं पुढल्या वर्षी बघू, पाव्हणं. आमाला घाई न्हाई. च्या घ्या."

लक्ष्मीबाईंचा आवाज चढला नाही. त्यांनी पुढं होऊन तांब्या मामासमोर ठेवला. आतल्या खोलीत सुनंदा भिंतीला पाठ लावून उभी होती.

मामानं शेवटचं म्हणून बिरूभाऊंकडे पाहिलं. बिरूभाऊंनी मान वर केली.

"ती म्हंती तसंच," ते म्हणाले.

पाहुणे चहा न घेता उठले. जीप गेली. सुनंदा बाहेर आली आणि न सांगता उष्ट्या नसलेल्या कपबशा घासायला घेऊन गेली.

लक्ष्मीबाई माझ्यासमोर येऊन बसल्या. माझ्या मांडीवर कॅमेरा आणि कोटेशन तसंच होतं. मी विचारलं, पैसे तर तुम्ही काढलेही नाहीत, मग त्यांचा उपयोग काय?

"पैसं हायती म्हणून न्हाई म्हणता आलं, म्याडम," त्या म्हणाल्या. "मंदाच्या टायमाला कुठं म्हणता आलं?"

मग त्यांनी मला घरामागं नेलं. तिथं बांबूची लांबट कांद्याची चाळ उभी होती. चाळीत कांदा साठवून भाव येईपर्यंत थांबता येतं, पण थांबायला घरात चार पैसे लागतात. या वर्षी व्यापारी दोनदा येऊन रिकामा गेला होता. आबांनी त्याला दोन्ही वेळा बाजेवरून न उठता नाही सांगितलं होतं आणि तेव्हापासून त्यांची तब्येत सुधारली होती.

"मेंढरू बाजारात उभं केलं की घेणारा भाव सांगतो," आबा मला म्हणाले. "घरच्या वाडग्यात कोंडलेलं असलं की आपुन सांगायचा."

मी कॅमेरा न उघडता परत आले.

फॉर्मात पाच रकाने होते. जनावर, अवजार, घर, आजारपण, इतर. मी 'इतर'मध्ये लिहिलं, एक लग्न मोडलं, एक व्यापारी परत पाठवला. सरांनी ते दोनदा वाचलं.

"हा निगेटिव्ह इम्पॅक्ट आहे. आपल्या पैशांनी लग्नं मोडतात असं कळवू का इंजिनिअरांना?" ते म्हणाले.

मी त्यांना सगळं सांगितलं. मंदाचं, मामाचं, चाळीचं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. गोष्ट चांगली आहे, ते म्हणाले, पण हिला व्हाउचर कुठलं जोडायचं? आणि त्यांनी माझ्या ओळीवर काट मारून वर लिहिलं, निधी अखर्चित, लाभार्थी उदासीन. पैसे परत मागवण्याचं पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. ते पत्र माझ्याकडून अजून लिहून व्हायचंय. आता निवृत्त झाले, तेव्हा ते राहिलंच म्हणायचं.

कांदा गणपतीच्या सुमाराला विकला. चांगला चौथा हिस्सा सडला होता. तरी मागच्या वर्षीपेक्षा बरे पैसे आले. सुनंदा पुढच्या मार्चमध्ये दहावीला गणितात नापास झाली आणि ऑक्टोबरला सुटली. पुढं रांजणगावच्या एका कंपनीत पॅकिंगला लागली. बाविसाव्या वर्षी तिनं लग्न केलं. मुलगा तिनं पाहिला, तारीखही तिनंच काढली. पोस्टातले पैसे मध्येच एकदा मोटर जळाली तेव्हा निम्मे गेले. उरलेले बरीच वर्षं तसेच होते.

इंजिनिअरांना रिपोर्ट आवडला. 'अखर्चित' शब्दाखाली त्यांनी रेघ मारली होती आणि बाजूला लिहिलं होतं, या बाईंना माझा नमस्कार सांगा. अशीच आणखी वीस कुटुंबं निवडा, असंही कळवलं होतं.

ती निवडली गेली नाहीत. संस्थेनं हिशेब केला तेव्हा दिसलं, की या योजनेत गाडी लागत नाही, ट्रेनिंग लागत नाही, तज्ज्ञ लागत नाही. पाकीट पोचवायला एसटीचं तिकीट तेवढं लागतं. आलेले सगळे पैसे गरिबाच्याच घरात जातात, अशी योजना कुठल्याच संस्थेला परवडत नाही. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा शेळ्या वाटल्या, आणि मला पगारवाढ मिळाली.