वाटीतली पाखरं
शेंगदाणे भाजल्याचा खमंग वास आला, की मला सुरगाण्याकडच्या पाड्यावरची एक दुपार आठवते. मी नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते आणि पटनोंदणीसाठी घरोघर फिरत होते. एका घरी म्हातारीने कौतुकाने माझ्यापुढे वाटी ठेवली. त्यात वाळवीची पंख झडलेली पाखरं होती, तव्यावर मीठ घालून कुरकुरीत भाजलेली; वास अगदी भाजल्या शेंगदाण्यांसारखा. आमच्या धर्मात टोळ चालतो, बाकी किडे हराम. पण नवख्या गावात धर्म सांगायचा मला धीर झाला नाही. पोट बिघडलंय, असं मी सांगून टाकलं. म्हातारी लगेच उठली, परसातून कसलासा पाला खुडून आणला आणि माझ्यासाठी काढा उकळायला बसली. ओली लाकडं फुंकून तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा मला राहवेना. "आजी, माझं पोट बरं आहे. मी मुसलमान आहे, आमच्यात हे खात नाहीत," मी म्हणाले. ती खळखळून हसली. "मंग आधी सांगाचं ना, बाई! आमच्या कुळातबी कासव खात नाय." तिने मूठभर पाखरं कोंबड्यांना टाकली आणि मला दोन अंडी उकडून दिली. सुट्टीत नाशिकला आल्यावर मी अब्बांना विचारलं, किडे खाणाऱ्या कोंबडीचं अंडं चालतं का? ते म्हणाले, "बेटा, कोंबडी किडे कधी खात नव्हती?" अंड्यांचा प्रश्न तिथेच मिटला. त्या खोट्याची लाज मात्र मला अजून वाटते. म्हातारी ते त्याच दुपारी विसरली असेल.