सहाव्या खुर्चीवरच्या मावशी

भांड्याचं झाकण उघडायच्या आधीच मावशी दारातून सांगायच्या, "आत नराचं शिजून राहिलं, सर." त्या आमच्या पशुविज्ञान विभागात परिचर होत्या, हिंगण्याहून दोन ऑटो बदलून यायच्या. वास ओळखण्यात त्या कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

खच्ची न केलेल्या नर डुकराचं मांस तापलं की उग्र वास सुटतो आणि गिऱ्हाईक तोंड फिरवतं. काही वंशांत तो उपजतच कमी असतो. ते वंश शोधणं हे माझं संशोधन, आणि मला स्वतःला तो वास जन्मात आलेला नाही. काही माणसांना तो येतच नाही, तेही उपजतच. हे समजावलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "म्हणजे खोट निस्ती डुकरातच नाही जी. तुमचं नाक फक्त चष्म्यापुरतं आहे."

म्हणून मांस चाखणाऱ्यांच्या टेबलावर मी पाच प्राध्यापकांशेजारी त्यांना बसवलं. समोर नुसते आकडे घातलेल्या वाट्या आणि वासाला गुण द्यायचा कागद. चाखणीच्या दिवशी मावशी इस्त्रीची साडी नेसून येत आणि त्यांना कुणी काम सांगत नसे. विभागप्रमुख त्यांच्या कागदात डोकावले की त्या हाताने कागद झाकत. "कॉपी नाही करायची जी." वर्षभर त्या याच दिवसाची वाट बघत असाव्यात.

तापाच्या साथीनंतर त्या दीड महिन्याने कामावर आल्या आणि त्याच आठवड्यात चाखणी होती. आठही वाट्या त्यांनी दोन-दोनदा हुंगल्या. कागद झाकला नाही. रकाने कोरेच होते.

"मले काहीच येऊन नाही राहिलं, सर. घरी दूध करपलं तेही नाही समजलं."

"येईल परत," मी म्हटलं. "तोवर अंदाजानं लिहा."

संशोधक म्हणवणारा मी हे बोललो, याची आजही लाज वाटते.

"काहून लिहू? याच्यावरून तुम्ही कोणता नर ठेवायचा ते ठरवता. नाव खोडा माझं."

मी खोडलं. दाढ काढल्यावर गाल होतो तसं आत सगळं बधिर होतं. काहीतरी वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. पुढे त्या निवृत्त झाल्या, तेव्हाच्या समारंभातही वाटलं नाही.

त्या दिवशी नाव खोडून झाल्यावर मावशींनी पदर खोचला आणि प्राध्यापकांपुढच्या वाट्या गोळा करायला लागल्या. कुणीच नको म्हणालं नाही. मीही हाताशी असलेली एक वाटी पुढे सरकवली.