अकरा मिनिटांनी धाकटी

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधीच ती चौथ्यांदा क्रेनवरून खाली उतरली, तेव्हा मुकादमाने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"बाई, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मग वर मुंग्या चावतात का? दीडशे पायऱ्या चढायच्या, अर्धा तास काम करायचं, की पुन्हा खाली. तिकडे हुक रिकामा लोंबतोय आणि इकडे वीस माणसं माना वर करून उभी."

ती कोपऱ्यातल्या पत्र्याच्या संडासाकडे गेली. आत जाऊन कडी लावली, घटकाभर उभी राहिली आणि तशीच बाहेर आली. काही नव्हतंच. सकाळपासून चारही वेळा काही नव्हतं. पोटात कुठेतरी गुरगुरलं होतं, एवढंच. दुसऱ्या कुणी त्याला भूक म्हटलं असतं.

दहा वर्षं ती टॉवर क्रेन चालवत होती. काचेच्या त्या खोपटात बसून लोखंडाचे गज, विटांच्या चळती, काँक्रीटच्या बादल्या ती अशा अलगद उतरवायची, की खालचे म्हणत, बाई ओझं ठेवत नाही, निजवते. वारा सुटला की बाकीचे चालक घाबरायचे; ही मांडी घालून बसायची. अशा बाईला आता आपल्याच पोटाची धास्ती बसली होती. आणि त्याचं कारण तिच्या पोटात नव्हतंच, तिच्या बहिणीच्या पोटात होतं.

बहिणी जुळ्या. थोरली अकरा मिनिटांनी मोठी, म्हणून थोरली, ही धाकटी. लहानपणी दोघींना वेगळं ओळखायला शेजारी आईला हाक मारायचे. थोरली पुढे शाळेत भूमिती शिकवायला लागली. तिशी उलटली आणि फळ्यावर वर्तुळ काढता काढता ती वर्गाबाहेर धाव घ्यायला लागली. आधी पोरं हसली, मग गप्प झाली. वर्षभरात तिचं वजन पंधरा किलोंनी उतरलं. तपासण्या झाल्या, आणि पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं: क्रोन्स. आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात, बऱ्या होतात, पुन्हा होतात. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते.

नाव सांगून झाल्यावर डॉक्टरीणबाईंची नजर शेजारच्या खुर्चीत बसलेल्या धाकटीवर गेली. "तुम्ही जुळ्या? एकसारख्या?"

"हुबेहूब," थोरली म्हणाली.

बाईंनी नीट समजावून सांगितलं. या आजारामागे एकच एक जनुक नसतं, शेदोनशे तरी असतात, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. त्यातलं एक जरा वजनदार. आतड्यातले जंतू ओळखण्याचं काम त्याच्याकडे असतं. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून त्याची बिघडलेली प्रत आली तर धोका कितीतरी पटींनी वाढतो. तरी तशी माणसंही बहुतेक ठणठणीतच राहतात. जनुकांच्या जोडीला आणखी बरंच काही लागतं: पोटातले जंतू, खाणंपिणं, सिगारेट.

"आणि एकसारख्या जुळ्यांमध्ये?" धाकटीने विचारलं.

"एकीला असला, तर दुसरीला होण्याची शक्यता दहात तीन, चार. कुणी पाचही म्हणतं."

बाकीचं सगळं धाकटीच्या डोक्यावरून गेलं. तेवढे आकडे घेऊन ती घरी आली.

सिगारेट तिने दुसऱ्याच दिवशी सोडली. खिशातलं पाकीट क्रेनवरून भिरकावून दिलं आणि त्यासाठी मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या. मग वजनकाटा आणला. सकाळी एकदा, रात्री एकदा. अर्धा किलो कमी दिसलं की दिवसभर जीव टांगणीला. थोरलीला जे पचत नाही ते तिने खाणं बंद केलं. मऊ भात आणि उकडलेला बटाटा खाऊन ती खरंच वाळली, आणि वाळली म्हणून आणखी घाबरली. नव्या गावी गेली की आधी संडास कुठे ते बघायची. एका जागी बसवेना. बहिणीकडे जायची तेही औषध कोणतं, दुखतं कुठे, डावीकडे की उजवीकडे, पहिल्यांदा दुखलं तेव्हा कसं दुखलं, हे विचारायला.

शेवटी थोरली चिडली. नुकतंच तिचं ऑपरेशन झालं होतं. वीतभर आतडं काढून टाकलेलं, दोन उशा पाठीशी घेऊन ती पडली होती.

"एक सांगू? आजारी मी आहे आणि आजारपण तू करतेयस."

"मला कळतंय गं, पण..."

"काय कळतंय? तू येतेस आणि माझ्याकडे अशी बघतेस, जणू मी तुझं पुढचं पान आहे. मी बहीण आहे तुझी. कशी आहेस म्हणून एकदा तरी विचार."

धाकटीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ती उठली, खिडकीपाशी गेली, परत आली, पुन्हा खिडकीपाशी गेली.

"कशी आहेस?" तिने पाठमोरीच विचारलं.

"टाके ओढतात. हसवू नकोस," थोरली म्हणाली, आणि दोघी हसल्या.

त्याच भेटीत थोरलीने उशीखालून एक पत्र काढलं. हॉस्पिटलात जुळ्यांचा अभ्यास चालला होता. एक आजारी, एक निरोगी, दोघींचं रक्त हवं होतं. डॉक्टरीणबाईंनी दोनदा आठवण करून दिली होती. धाकटीने दोन्ही वेळा टाळलं होतं. नसती माहिती कशाला विकत घ्यायची, असं ती म्हणायची. ऑपरेशन झालेल्या बहिणीसमोर मात्र तिला तसं म्हणता येईना.

रक्ताबरोबर घराण्याची माहितीही लिहून द्यायची होती. त्यासाठी ती आईकडे गेली. आई शिवणयंत्रावर उशांचे अभ्रे शिवत होती. वडील दोघी दहा वर्षांच्या असताना गेले होते, आतड्याला पीळ पडून, असंच घरात सांगितलं जाई.

"पीळ नंतर पडला," आईने यंत्र थांबवलं. "त्याआधी बारा वर्षं ते पोट धरून होते. नाटकाला गेले तर दाराजवळची खुर्ची. लग्नाला गेले तर उपाशी. लोक हसतील म्हणून मला शपथ घातली होती. मी कुणाला बोलले नाही."

"आम्हालाही नाही?"

"तुम्हाला सांगून काय झालं असतं? तू तेव्हापासूनच अशी येरझाऱ्या घालत बसली असतीस." आईने पुन्हा यंत्र सुरू केलं, पण टीप वाकडी गेली.

फॉर्ममध्ये वडिलांच्या रकान्यात धाकटीने 'पोटाचा आजार होता' असं लिहिलं. हॉस्पिटलात नर्सने दंडाला पट्टा बांधला. नळी भरेपर्यंत तिचा पाय सारखा हलत होता. "निकाल कधी?" तिने विचारलं. "तीन महिने." ते तीन महिने तिने कसे काढले ते मुकादमाला विचारावं. सहाव्या आठवड्यात त्याने तिला दोन दिवस जमिनीवरच्या कामाला लावलं आणि तिने तिसऱ्या दिवशी त्याच्याशी भांडून आपली क्रेन परत मिळवली.

निकालाच्या दिवशी डॉक्टरीणबाई दोघींना आत बोलावून म्हणाल्या, "तुम्हाला एकसारख्या जुळ्यांच्या गटात घेता येणार नाही."

"का?"

"कारण तुम्ही एकसारख्या नाही. तुमची जनुकं इतर कुठल्याही सख्ख्या बहिणींइतकीच जुळतात. एका वेळी जन्मलात, दिसता सारख्या, एवढंच." मग त्या थोरलीकडे वळल्या. त्या वजनदार जनुकाच्या दोन्ही प्रती तिच्यात बिघडलेल्या होत्या. धाकटीत तशी एकही नव्हती. "वडिलांना असावा, बहिणीला आहे, त्यामुळे धोका अगदी शून्य म्हणणार नाही. पण तो दहात चारचा हिशोब तुमचा नाहीच."

तीन वर्षं उरावर बसलेलं ओझं असं एका वाक्यात उतरलं. धाकटीला नाचावंसं वाटायला हवं होतं. पण ती खुर्चीच्या कडेला बोटं घट्ट आवळून बसली, आणि डोळ्यांत पाणी आलं ते काही केल्या थांबेना.

"अगं, रडतेस काय?" थोरलीने तिचा खांदा हलवला. "सुटलीस की!"

"मी तू नाही," धाकटी म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही तिला.

बाहेर आल्यावर पायरीवर बसून तिने आईला स्पीकरवर फोन लावला. आईने शिवणयंत्र थांबवलं. "सुईणीने सांगितलं, एकसारख्या आहेत. मीही तेच धरून चालले. थोरली दोन बोटं उंच होती नेहमीच. मला वाटायचं, ती जास्त जेवते."

थोरली एवढी हसली की तिला कठड्याला धरावं लागलं.

यानंतर धाकटी शांत झाली असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. वजनकाटा तिने मुकादमाला देऊन टाकला, त्याने त्यावर सिमेंटच्या नमुन्याचे डबे तोलायला घेतले. ती सगळं खायला लागली, मधूनच खाली उतरणंही बंद झालं. पण एक वेगळीच चुटपुट मागे लागली. इतकी वर्षं तिने स्वतःसाठी भ्यायचं काम केलं होतं. आता त्या भीतीला दुसरं घर सापडलं. थोरलीने फोन उचलायला उशीर केला की ती केबिनमध्ये उभी राहायची. आपल्या वाट्याला का आलं नाही, हा प्रश्न विचारायला तर कुणीच नव्हतं.

दर आठ आठवड्यांनी थोरलीला शिरेतून औषध द्यावं लागतं. दोन तास लागतात. धाकटी रजा टाकून सोबत जाते. औषध लागू पडलंय, थोरली वर्गात पुन्हा सलग चाळीस मिनिटं उभी राहते. ठिबक चालू असताना ती पोरांच्या वह्या तपासते आणि धाकटी खोलीभर फिरते: खिडकी, दार, पाण्याचा नळ, खिडकी.

मागच्या खेपेला थोरलीने वहीतून मान वर न करताच शेजारची खुर्ची पायाने पुढे सरकवली.

"बस," ती म्हणाली. "डोकं गरगरतंय माझं."

धाकटी बसली. जवळपास पाच मिनिटं बसली.